पहिली बाईक आणि पुढचा ब्रेक

आमच्या टीममध्ये दर अप्रेझलनंतर कुणीतरी बाईक घेतंच. प्रश्न दोनच: सीसी किती आणि अ‍ॅव्हरेज किती देते? "दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का?" हे कोणी विचारत नाही. क्लासिक ३५० दिसते झकास, पण वजन १९५ किलो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये क्लच धरून रांगताना, किंवा उतारावरच्या पार्किंगमधून ती मागे ओढताना सीसी कामाला येत नाही राव! नवशिक्याने १२५ ते १६० च्या पुढे जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

दुसरं म्हणजे आपल्याकडचं पिढीजात ज्ञान: "पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील." अहो, ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणजे थांबवायची खरी ताकद तिथेच. (पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स, आठवतंय?) घाबरून नुसता मागचाच दाबलात तर चाक लॉक होऊन गाडी घसरते. पुढचा एकदम आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा, हँडल सरळ ठेवून; रेतीवर आणि ओल्या रस्त्यावर आणखी जपून. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा करून बघा, हात बसतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या बाईक्सना एबीएस सक्तीचं आहे, पण बऱ्याच मॉडेल्सना ते फक्त पुढच्या चाकाला असतं. शोरूममध्ये रंगाआधी हे विचारा.

आणि हेल्मेट आयएसआयवालं, पट्टा लावून. पुण्यात हा विषय काढला की भांडणं होतात, म्हणून इथेच थांबतो.