बुजलेली घोडी, मोडलेली मांड

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय आणि आज जरा रागातच बसलोय. आमच्या घरातली मंडळीही हे वाचतात, हे मला ठाऊक आहे. किंबहुना त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितोय. समोरासमोर बोलायला गेलं की चौघं एकदम बोलतात आणि म्हाताऱ्याचं वाक्य अर्ध्यावरच राहतं. इथे निदान पूर्णविरामापर्यंत जाता येतं.

विषय आहे आमच्या पुतण्याच्या दावणीच्या घोडीचा आणि त्याच्या सतरा वर्षांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या नातवाचा. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ भागात बैलगाड्यांच्या शर्यती घाटात होतात. घाट म्हणजे चढाची धावपट्टी. गाडा सुटला की त्याच्या पुढे घोडी पळते. पुढे स्वार, मागे बेभान बैल. ही घोडी धरणं मोठ्या मानाचं काम. ज्याची मांड पक्की त्यानेच ते करावं.

गेल्या वर्षी सरावाच्या वेळी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडी बुजली, उधळली आणि पोरगं पडलं. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं. ते निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरच्या पुरुषांनी त्याला पुन्हा घोडीवर बसवलं. का, तर "भीती मुरायच्या आत मोडायची." चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेने नेलं. कंपनीच्या ट्रेलरने हॉर्न दिला, घोडी पुन्हा उधळली. पोरगं या वेळी पडलं नाही, आयाळीला लटकून राहिलं. घरी आल्यावर मात्र ओकलं. त्यानंतर तीन महिने ते गोठ्याकडे फिरकलं नाही. पहिल्या पडण्याने हात मोडला होता, तो जुळला. मांड मोडली ती दुसऱ्या दिवसाच्या हट्टाने.

आता यात्रा जवळ आली तसं घरात पुन्हा तेच सुरू झालंय. "बसव त्याला." "चार कोरडे ओढा घोडीला, सरळ होईल." "आपल्या घरात कुणी घाबरट निपजलं नव्हतं." मी मध्ये बोललो तर पुतण्या म्हणाला, "नाना, तुम्ही शाळेत पोरं शिकवलीत, घोड्या नाही." बरोबर आहे. पण लहानपणी वडिलांच्या तट्टावर बसून मी चाकणच्या बाजाराला गेलोय आणि दोनदा ओढ्यात पडलोय. तेव्हा थोडा अधिकार मलाही आहे. एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा: पडलं की लगेच बसावं. यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणत नाही. खरचटलं असेल, घोडा शांत असेल, स्वाराची स्वतःची इच्छा असेल, तर जरूर बसावं. फार दिवस लोटले की भीती वाढते हेही खरं. पण त्या दिवशी यातलं काय होतं? हात सहा आठवड्यांनी मोकळा झालेला, घोडी तितकेच दिवस दावणीला बांधलेली, आणि जागा निवडली तीही ट्रकच्या रस्त्याची. पुन्हा बसल्याने धीर येतो तो बसणं सुखरूप पार पडलं तर. पुन्हा तेच घडलं तर मन एकच धडा शिकतं, की हे असंच होणार.

दुसरा मुद्दा: घोडीला खोड आहे, मार द्या. अहो, घोडा हे शिकार होणारं जनावर आहे. वाघ-लांडग्यांपासून पळाला तो जगला, त्याची ही अवलाद. डोळे बाजूला असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं. माळ फुटली की पळायचं हे त्याला निसर्गानेच शिकवलंय. त्याला खोड म्हणायचं तर अंगावर पाल पडल्यावर किंचाळणाऱ्या आमच्या वहिनींनाही खोडच म्हणावं लागेल! ग्रीक सेनानी झेनोफोन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की बुजलेल्या घोड्याला मारू नये, कारण ज्या वस्तूला तो भ्यालाय तिच्यामुळेच हा मार बसतो असं त्याला वाटतं आणि भीती दुणावते. आयुष्य लढायांत काढलेल्या माणसाला हे कळलं होतं. आपल्याला अजून कळत नाही.

शिवाय खोड म्हणण्याआधी दुखणं पाहावं. मी हट्टाने गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. खोगिराखाली, खांद्यांच्या मागच्या बाजूला दाबल्यावर घोडी अंग चोरत होती. खोगीर एका बाजूला बसकं झालेलं, आतली भरण गोळा झालेली. पाठीला टोचत असताना वर दीडशे पौंडांचा पोरगा बसला तर कोणतं जनावर स्थिर राहील? पाठ, तोंडातला लगाम, दात, खूर आणि नाल ही सगळी तपासणी आधी, स्वभावाची चर्चा नंतर. खोगीर दुरुस्त झालं आणि अर्धी "खोड" गेली. उरलेली अर्धी माणसांची आहे.

तिसरा मुद्दा: घाबरणं लाजिरवाणं आहे. हा मला सर्वांत जास्त झोंबतो. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्यावर बसून, किंवा त्याला धरून, ठरलेल्या वाटेने चालायचं. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं, की आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीचं कुणी सांगितलं नव्हतं, त्याला फक्त माणूस कळला होता. तेव्हा मनातून घाबरलेल्या पोराला "मर्दासारखा बस" म्हणून वर चढवणं म्हणजे बुजऱ्या घोडीच्या पाठीवर आणखी एक कारण लादणं. भीती लपवून ती घोडीपासून लपत नाही. ती कमीच व्हावी लागते.

इथे एक कबुली देतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात एक मुलगा वाचताना अडखळायचा. भीती मोडायची म्हणून मी त्याला रोज उभं करून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावत असे, आणि चुकला की छडी. वर्षअखेरीस त्याने वाचणंच सोडलं, पुढे शाळाही. मी त्याला धीट करत होतो असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. म्हणून पुतण्याच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण हेतू चांगला असला म्हणून छडी कमी लागत नाही. तो मुलगा मला परत मिळायचा नाही. हा नातू मात्र अजून हातात आहे.

मग काय करावं? आम्ही दोघांनी गुपचूप सुरू केलंय, आता उघड सांगतो. पहिले पंधरा दिवस बसायचं नावच नाही. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत खरारा करायचा, खूर साफ करायचे, दाणा द्यायचा. मग मोरकीला दोर लावून मागच्या शेतातून फिरवायची: थांब, चल, मागे सर. कान कुठे वळतात, मान कधी ताठ होते, हे त्याने बघायचं आणि मला सांगायचं. नंतर खोगीर घालून तेच. मग एकाने दोर धरायचा आणि त्याने डोक्यावर हेल्मेट चढवून दहा मिनिटं फक्त चालीने बसायचं. दुडकी त्याने मागितली तेव्हा. सगळं चांगलं चाललेलं असतानाच उतरायचं, "अजून एक फेरी" नाही. एखाद्या दिवशी नको वाटलं तर मागच्या पायरीवर जायचं, त्याला माघार म्हणायचं नाही. आवाजाची सवयही अशीच, रस्ता आधी दोन शेतं लांबून, मग एक शेत लांबून. आणि एवढं करूनही ही घोडी त्याच्या हाताची नाही असं ठरलं, तर घोडी बदलावी. त्यात कुणाचंही नाक कापलं जात नाही.

यात्रेचं म्हणाल तर यंदा तो घाटात घोडी धरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. सात वर्षं सगळा तालुका थांबला होता, तेव्हा परंपरा मेली नाही. एका पोराने एक वर्ष थांबल्याने ती मरेल होय? बैलांच्या हालांबाबत कोर्टाने अटी घातल्या. आपल्या पोराच्या बाबतीत अटी आपणच घालायच्या असतात.

असो. परवा तो घोडीवर बसून बांधापर्यंत गेला आणि परत आला. चालीनेच. पलीकडच्या रस्त्यावर हॉर्न वाजला तेव्हा घोडीने कान टवकारले, त्याने श्वास सोडला, आणि दोघंही उभे राहिले. मी काही बोललो नाही.

यात्रेला सगळ्यांनी जरूर या. निमगावच्या खंडोबालाही जाऊ, तो देवही घोड्यावरचाच. फक्त एक विनंती. नातवाला भेटल्यावर "मग कधी बसतोस घोडीवर?" असं कुणी विचारू नका. विचारायचंच असेल तर "घोडी कशी आहे?" असं विचारा. तो सांगेल, आणि बराच वेळ सांगेल.