माझी आवडती आणि नावडती पुस्तके

शाळांच्या परीक्षांत 'माझे आवडते पुस्तक' हा निबंध वर्षानुवर्षे येतो, आणि आमची पोरे तो वर्षानुवर्षे लिहितात. बहुतेक जण 'श्यामची आई'वर लिहितात. आणि त्यांतील कित्येकांनी साने गुरुजींचे ते १९३५ सालचे पुस्तक हातातही धरलेले नसते. निबंधमालेत तयार मजकूर असतो. तो पाठ करावयाचा, गुण घ्यावयाचे आणि मोकळे व्हावयाचे. म्हणजे आवडसुद्धा उसनी! 'माझे नावडते पुस्तक' हा निबंध मात्र कोणी घातल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. पुस्तक म्हटले की ते पाटावर ठेवावे, चुकून पाय लागला तर डोक्याला हात लावावा, ही आपल्या घरांतील रीत. ज्यांच्या पणजोबांना अक्षर शिवू दिले नाही, त्यांच्या घरी पुस्तकाचा असा दरारा असणे साहजिक आहे. परंतु दरारा निराळा आणि वाचन निराळे. ज्याला आपले नावडते पुस्तक सांगता येत नाही, त्याच्या आवडीवरही फारसा विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे.

मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातला मास्तर. अध्यापक विद्यालयात दोन वर्षे मराठीतूनच शिकलो. मोठी ग्रंथविद्या मजजवळ नाही. तेव्हा हा निवाडा पंडिताचा नसून, शाळेच्या ओट्यावर आणि गावच्या पारावर पुस्तके वाचून दाखविणाऱ्या माणसाचा आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचकांनी तो घ्यावा किंवा टाकावा.

नावडत्यापासून आरंभ करतो. माझे पहिले नावडते पुस्तक म्हणजे शनिमाहात्म्याची पोथी. आता पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील, कारण ही पोथी आपल्या गावांतून शनिवारी वाचली जाते आणि शेतकरी, तेली, सुतार, कुंभार सारेच ती हात जोडून ऐकतात. त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण गोष्ट काय आहे ती पाहा. उज्जैनीचा विक्रम राजा शनीला हसला, एवढ्या अपराधासाठी त्याच्यावर चोरीचा खोटा आळ आला, त्याचे हातपाय तोडले गेले, आणि साडेसात वर्षे तो एका तेल्याच्या घाण्यावर बसून राहिला. हातपाय तुटलेल्या परक्या माणसाला ज्याने घरात घेतले, खाऊ घातले, तो तेली! माझ्या मते सबंध पोथीत माणसासारखा वागलेला माणूस तोच. परंतु पोथी ऐकून उठणारा तेली आपल्या जातभाईच्या माणुसकीचा अभिमान घेऊन घरी जातो काय? नाही. तो शनीची धास्ती घेऊन जातो.

आणि ती धास्ती पुढे घरात काय करते, हे आम्ही मास्तर लोक पाहतो. सोयाबीन फुलात असताना पावसाने ओढ दिली, कापसावर बोंडअळी पडली, मोंढ्यात भाव पडला, बँकेचा हप्ता थकला, की घरात म्हातारी म्हणते, 'साडेसाती लागली'. झाले! साडेसाती म्हटल्यावर पुढे विचारावयाचे काही उरतच नाही. बियाणे कसे होते, पाण्याचे काय केले, भाव कोणी पाडला, हे सारे प्रश्न एका ग्रहाच्या पाठीवर टाकून आपण तेलाची वाटी घेऊन देवळाकडे निघतो. ज्या पुस्तकाने माणसाचा 'का?' हा प्रश्न मारला, ते मला आवडत नाही. मग त्यातील ओव्या कितीही गोड असोत.

ह्याच 'का'साठी माझे पहिले आवडते पुस्तक आहे जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. हे पुस्तक जोतीरावांनी १८८३ साली लिहून पुरे केले. त्यांनी ते एकट्याने लिहून फडताळात ठेवले नाही. लिहीत असतानाच पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी ते लोकांना वाचून दाखविले, आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांनाही ऐकविले. म्हणजे ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांचे कान ह्या पुस्तकाने सर्वांच्या आधी कमावले. 'दीनबंधू' पत्राने त्याचे आरंभीचे भाग छापले आणि पुढचे छापावयाचे थांबविले. तेही आपल्याच माणसांचे पत्र! पुढे जोतीराव १८९० साली वारले. हे पुस्तक त्यांच्या हयातीत सबंध छापून निघाले नाही. १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले फुल्यांचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढले, तेव्हापासून ते सहज हाती येऊ लागले. शेतकऱ्याचे पुस्तक शेतकऱ्याच्या दारी यावयास किती काळ लागला, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ह्या पुस्तकाची पाच प्रकरणे आहेत. धर्माच्या नावाखाली जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याकडून कसे उपटले जाते, गोऱ्या साहेबाच्या आळसाआड हाताखालचे कामदार त्याला कसे नाडतात, हे सारे त्यात आहे. चौथ्या प्रकरणात एक शेतकरी साहेबाच्या तळावरून निराश होऊन परततो आणि झाडाखाली पडून स्वतःशीच बडबडतो. पुढे त्याचे घर, गोठा, भांडीकुंडी, अंथरूणपांघरूण असे सारे दाखविले आहे. मी हा भाग पारावर वाचला तेव्हा सत्तरीतले एक आजोबा म्हणाले, "गुर्जी, हे बुक कव्हा लिव्हलंय?" मी साल सांगितले. ते जरा वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "मंग हा मानूस आपल्या घरी कव्हा येऊन गेला?" ह्यापेक्षा मोठे परीक्षण मी कोणत्याही मासिकात वाचलेले नाही.

पण निव्वळ दुःख सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. असुडाची थोरवी पाचव्या प्रकरणात आहे. तेथे जोतीराव उपाय सांगतात. डोंगरउतारावर ताली आणि बंधारे असे बांधा की पावसाचे पाणी शेतात मुरत मुरत खाली यावे, ओढ्यानाल्यांनी माती वाहून जाऊ नये. जमिनीत पाणी कोठे आहे हे शोधून विहिरी पाडा. दुसऱ्या देशांतील उत्तम शेळ्यामेंढ्यांचे बेणे आणा, म्हणजे लोकरही मिळेल आणि शेताला खतही होईल. शेतीची प्रदर्शने भरवा, चांगले पीक काढणाऱ्याला बक्षीस द्या. १८८३ सालचे हे शब्द! महाराष्ट्रात जलयुक्त शिवाराची मोहीम २०१४ च्या अखेरीस जाहीर झाली, म्हणजे मधे एकशे एकतीस वर्षे गेली. आमच्या परभणीस कृषी विद्यापीठ १९७२ साली झाले, म्हणजे तेही नव्वदीच्या अंतराने. जो समाज हे पुस्तक वाचून बसला असता, त्याने पाणी अडविण्यासाठी सरकारी फलकाची वाट पाहिली असती काय?

आता असुडाचे दोषही सांगतो, नाहीतर मलाही पोथीवाला म्हणाल. त्याची वाक्ये पानपानभर चालतात. वाचणाऱ्याचा श्वास तुटतो आणि ऐकणाऱ्याचे भान. तिसऱ्या प्रकरणातील आर्यांचा इतिहास आजच्या संशोधनाला सगळाच पटेल असे नाही. परंतु ह्या उणिवा काढावयास पुस्तक स्वतःच आपल्याला शिकविते, हा त्याचा गुण. शनीची पोथी मात्र शंका घेणाऱ्याचे हातपाय तोडते.

माझे दुसरे नावडते पुस्तक ऐकून तरुण वाचक रागावतील. ते म्हणजे शिवाजी सावंतांची १९६७ सालची कादंबरी 'मृत्युंजय'. कॉलेजात गेलेला आपला प्रत्येक मुलगा ती वाचतो, रडतो आणि कर्णाला आपला मानतो. सावंतांची लेखणी समर्थ आहे, यात वाद नाही. पण माझा प्रश्न असा आहे की, आपण नक्की कोणासाठी रडतो? 'सूतपुत्र' म्हणून भर सभेत हिणविलेल्या माणसासाठी, की राजकुळात जन्मून सूताच्या घरी वाढलेल्या माणसासाठी? कर्णाला कवचकुंडले आहेत, तो सूर्याचा आणि कुंतीचा पुत्र आहे, हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते. म्हणून त्याचा अपमान आपल्याला अन्याय वाटतो. तो खरोखरच अधिरथ आणि राधेच्या पोटचा असता तर? मग तो अपमान रास्त ठरला असता काय?

अधिरथाचा पोटचा मुलगा शोण ह्या कादंबरीत आहे, आणि त्याला स्वतःच्या तोंडाने बोलावयास एक भागही मिळाला आहे. पण तो भाग दादाचे गुण गाण्यात जातो. खरा सूतपुत्र तो! रथ हाकणे, घोडा ओळखणे, चाकाचा आवाज ऐकून दोष सांगणे ही केवढी विद्या आहे, हे ज्याच्या बापाने ट्रक चालविला त्या पोराला विचारा. परंतु 'मृत्युंजय' वाचून उठलेला सुताराचा मुलगा बापाच्या रंध्याकडे अभिमानाने पाहत नाही. आपणही कोणा थोर कुळाचे हरवलेले लेकरू असावे, असे स्वप्न तो पाहतो. शनीच्या पोथीत दोष आकाशातून येतो आणि येथे मोठेपण रक्तातून येतो. दोन्ही ठिकाणी कष्ट करणाऱ्या हाताला स्वतःचे असे काही नाही.

अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (१९५९) म्हणूनच मला तिच्यापेक्षा शंभर पटींनी आवडते. फकिरा मांगाच्या पोटी जन्मला, आणि अखेरच्या पानापर्यंत मांगच राहिला. त्याच्या जन्मात कसलेही गुपित नाही. दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा त्याने सरकारी खजिना लुटून त्यांना जगविले, आणि आपल्यापायी निरपराध माणसे पकडली गेली तेव्हा स्वतः होऊन सरकारच्या हवाली झाला. हे लिहिणारा वाटेगावचा माणूस. शाळेत जेमतेम दीडदोन दिवस बसलेला. त्याने हे पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केले. सातवीच्या मुलांना मी ह्यातील उतारे वाचून दाखवितो, तेव्हा मागच्या रांगेत नेहमी मान खाली घालून बसणारी पोरे मान वर करतात.

बायांसाठी एकच नाव सुचवितो. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२ चे. ताराबाई बुलढाण्याच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि पत्रकर्ते समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेऊ लागले, तेव्हा ह्या बाईने पुरुषांचे एकेक दुर्गुण काढून त्यांच्या पदरात घातले. आपल्या पुरुष वाचकांना ते आवडणार नाही, आणि म्हणूनच त्यांनी ते घरात मोठ्याने वाचून घ्यावे. वाचावयास मुलीला सांगावे.

कोणी विचारील, नावडती पुस्तके मग जाळावी काय? मुळीच नाही. जोतीरावांनी पुराणे वाचली नसती तर १८७३ ची 'गुलामगिरी' लिहिली गेली नसती. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडास मनुस्मृतीचे दहन केले, ते तीत काय आहे हे पुरते जाणून. वाचल्यावाचून नावडते म्हणणे हीही एक आंधळी भक्तीच. 'मृत्युंजय' माझ्या ट्रंकेत आहे. ज्याला भांडावयाचे असेल त्याने खुशाल न्यावी, आणि वाचून भांडावयास यावे.

आता कामाचे बोलू. आपल्याकडे पुष्कळ गावांत अनुदानाचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. १९६७ च्या कायद्याप्रमाणे त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग, आणि खेड्यातली बहुधा ड वर्गातली. अनुदानातून दरवर्षी काही पुस्तके येतात. कोणती यावी हे कोण ठरवितो? आपण कधी विचारतो काय? पुष्कळ ठिकाणी कपाट उघडावे तर स्पर्धा परीक्षांचे जुने प्रश्नसंच आणि श्रीमंत होण्याच्या युक्त्या. वार्षिक सभेला जाऊन चार माणसांनी चार नावे लिहून दिली, तर ती मागणी कागदावर राहते. न जाणाऱ्याने मागाहून कपाटाला नावे ठेवू नयेत.

आणि दुसरे असे, की श्रावणात आपल्या गावांतून पोथी लागतेच. ती बंद करा असे मी म्हणत नाही. म्हणून उपयोगही नाही. पोथी रात्री नवाला उठते, आणि माणसे तशीही आणखी तासभर पारावर तंबाखू मळीत बसतात. त्या तासात असूड लावावा. पाचव्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण ताली-बंधाऱ्यांची गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळते आणि तो मधे बोलू लागतो. त्याला बोलू द्यावे. मग चौथे, दुसरे, पहिले, आणि तिसरे सर्वांत शेवटी. लांब वाक्ये वाचणाऱ्याने आदल्या दिवशी तोडून ठेवावी. वाचावयास दहावी-बारावीची पोरे-पोरी बसवाव्या, मास्तराला बसवू नये. मास्तराचा आवाज गावाला पाठ झालेला असतो.