चरबी उपसण्यापूर्वी

वैद्यकीय पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिरजेत साताऱ्या-सांगलीचे रुग्ण पिढ्यान्पिढ्या आले ते दुखणे घेऊन. लायपोसक्शनचा विचार करणारी व्यक्ती मात्र बहुधा दुखण्याने नव्हे, लाजेने त्रासलेली असते. आणि ही लाज जाहिरातींत व विवाहाच्या बाजारात घडवली जाते. (हुंड्याविरुद्ध बोलणारी घरेही येथे गप्प असतात!) तेव्हा हा निर्णय आपला की पाहायला येणाऱ्यांचा, हे आधी तपासावे.

या शस्त्रक्रियेत कातडीखालची चरबी नळीने उपसतात. अवयवांभोवतीची, अधिक घातक चरबी तशीच राहते. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांची सरासरी ९-१० किलो चरबी काढूनही त्यांचा रक्तदाब वा इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला नाही. लठ्ठपणावरचा हा उपचारच नव्हे. रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग, क्वचित मृत्यू हे धोके मात्र खरे.

वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक असते, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडले. त्यात निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमाही लागू नसतो. काही बिघडले तर बचत घरचीच जाते. वजन स्थिरावल्यावर एखाद्या जागी उरलेली चरबी कोणा प्रौढ व्यक्तीला काढून घ्यावीशी वाटली, तर तिला अडवणारे आपण कोण? तिने सर्जनची पदवी, भूलतज्ज्ञाची उपस्थिती आणि अतिदक्षता विभागाची सोय विचारावी. ‘आजच ठरवलेत तर सवलत’ असे जेथे सांगतात, तेथून उठून यावे.