मोठे व्हीएमसी घेताना टेबलाआधी स्पिंडल पाहा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावात जॉबवर्क करणारे मध्यम उद्योजक मोठ्या कास्टिंगसाठी व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचे मशिनिंग सेंटर, निवडताना आधी टेबलाची लांबी विचारतात. कर्जाचा हप्ता निघणार की नाही, हे मात्र बरेचसे स्पिंडलवर ठरते. बीटी-४० टेपरचा वेगवान स्पिंडल ॲल्युमिनियमला उत्तम. बिडाच्या गिअरबॉक्स हाउसिंगवर मोठा फेस मिल किंवा लांब बोरिंग बार लावला, की कंपने वाढतात, कट कमी घ्यावा लागतो आणि जॉबचा वेळ वाढतो. तिथे कमी आरपीएमला जास्त टॉर्क देणारा बीटी-५० हवा. जुने बीटी-४० होल्डर त्यात बसत नाहीत. नव्या टूलिंगचा खर्च कोटेशनमध्ये शोधूनच काढावा लागतो! टेबलाच्या भारक्षमतेत फिक्श्चरचेही वजन धरायचे. चारही बाजूंनी मशिनिंग असेल, तर आडव्या स्पिंडलच्या एचएमसीचे कोटेशनही मागवावे. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आपल्याच कास्टिंगवर ट्रायल घ्यावी.