महागड्या परिषदांचे मोल

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून समुद्रमार्गे चौलच्या बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याच्याजवळ एक घोडा होता आणि त्या घोड्यापायी त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. तो परत मिळविण्यासाठी त्याला दुसऱ्याचा वशिला लावावा लागला. हिंदुस्थानात आपल्या देशाच्या उपयोगाचा माल विपुल आहे असे सांगणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपणास फसविले, अशी खंत त्याने लिहून ठेवली आहे. स्वतःच्या गावी पोहोचण्यापूर्वीच तो वारला. टिपणे मात्र मॉस्कोला पोहोचली आणि आज इतिहासकार ती आदराने वाचतात. व्यापार म्हणून फसलेला प्रवास ज्ञान म्हणून मोलाचा ठरला, परंतु ते मोल खर्च करणाऱ्याच्या पदरात पडले नाही.

खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, हा पेच आज संगणकाच्या व्यवसायात निराळ्या रूपाने उभा आहे. प्रोग्रामर मंडळींच्या मोठमोठ्या परिषदा जगभर भरतात. ॲपल कंपनीच्या वार्षिक परिषदेचे प्रवेशशुल्क २०१३ साली १५९९ डॉलर होते आणि तरीही सारी तिकिटे अवघ्या काही मिनिटांत संपली. आजच्या विनिमयदराने ही रक्कम सव्वा लाख रुपयांहून अधिक होते. विमानभाडे, निवास आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली कमाई हिशेबात धरली, म्हणजे आकडा कितीतरी पुढे जातो. एवढे पैसे मोजून पदरात काय पडते, हा प्रश्न विचारणे यात कोतेपणा नाही.

परिषदेत दोन गोष्टी एकत्र विकल्या जातात. पहिली व्याख्याने आणि दुसरी माणसांची गाठभेट. यांपैकी पहिलीची किंमत आज जवळजवळ शून्यावर आली आहे. २०२० साली महासाथीमुळे ॲपलला आपली परिषद इंटरनेटवरून आणि विनामूल्य भरवावी लागली. पायथन या भाषेच्या अमेरिकेतील आणि भारतातील परिषदांची व्याख्याने चित्रित होऊन सर्वांना फुकट पाहावयास मिळतात. चौलच्या वाडीत घरी बसलेला विद्यार्थी तेच व्याख्यान दोनदा थांबवून, तीनदा मागे नेऊन ऐकू शकतो. सभागृहातील श्रोत्याला ती सोय नसते. तेव्हा केवळ व्याख्यानांसाठी कोणी हजारो रुपये मोजत असेल, तर तो विहिरीकाठी बसून पाणी विकत घेत आहे, असेच म्हणावे लागेल.

तथापि एवढ्यावर निकाल देणे घाईचे होईल. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवून दिले, की नोकरीच्या संधीची बातमी निकटच्या सुहृदांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते. कारण निकटवर्तीयांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. चहाच्या वेळी अनोळखी माणसाशी झालेले दहा मिनिटांचे बोलणे कोणत्याही चित्रफितीत सापडत नाही. ज्याने एखाद्या आज्ञावलीत महिनोन्महिने डोके घातले आहे, त्याला तीच अडचण सोडविलेला माणूस समोर भेटणे, हा लाभ खरा आहे.

मात्र या लाभाची वाटणी उफराटी आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीत काम करणाऱ्याला परिचितांचे जाळे आधीच लाभलेले असते. त्याला नव्या ओळखीचा उपयोग तुलनेने थोडा, आणि त्याचे शुल्क बहुधा कंपनी भरते. ज्याच्या घरात संगणकाच्या व्यवसायात कोणीच नाही, ज्याला अलिबागपलीकडे ओळख नाही, त्या तरुणाला एका ओळखीने आयुष्याची दिशा मिळू शकते. आणि त्यालाच शुल्क स्वतःच्या खिशातून भरावे लागते. ज्याला गरज अधिक त्याला दार बंद, असा हा बाजार आहे. म्हणून परिषद महाग आहे की स्वस्त, यापेक्षा तिचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न मूलगामी होय.

शुल्क मोठे असले म्हणजे हौशेगवशे दूर राहतात, असा युक्तिवाद केला जातो. सभागृह, भोजन, चित्रीकरण यांना पैसा लागतो हे खरेच. परंतु शुल्क माणसाची निष्ठा मोजत नाही, ऐपत मोजते. ब्रुसेल्स येथे दरवर्षी भरणाऱ्या फॉस्डेम या परिषदेला प्रवेशशुल्क नाही, नावनोंदणीही नाही. स्वयंसेवक ती चालवितात आणि हजारो प्रोग्रामर तिला येतात. अमेरिकेतील पायथन परिषदेने दुसरा मार्ग स्वीकारला. तेथे कंपनीने पाठविलेल्यास अधिक दर, स्वखर्चाने येणाऱ्यास कमी, विद्यार्थ्यास त्याहून कमी, आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांच्यासाठी अर्थसाहाय्य अशी व्यवस्था आहे. आपल्याकडेही २०११ साली पुण्यात भरलेली पायथन परिषद स्वयंसेवकांनीच उभी केली होती. थाटमाटावाचून परिषद होत नाही, हा समज यावरून निराधार ठरतो.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाने कर्ज काढून महागड्या परिषदेस जाऊ नये. त्याने व्याख्याने घरी ऐकावीत, जवळच्या शहरातील विनामूल्य मेळाव्यांना जावे, आणि जाताना स्वतःचे काम व स्वतःचा प्रश्न बरोबर न्यावा. रिकाम्या हाताने गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हातानेच परततो. कंपन्यांनी आपल्या माणसांचे शुल्क अवश्य भरावे, पण परतल्यावर त्यांनी सहकाऱ्यांना शिकवावे, ही अट घालावी. संयोजकांनी व्याख्याने सर्वांस खुली करून काही जागा जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात. आणि महाविद्यालयांनी सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद राहणारी आपली सभागृहे अशा छोट्या मेळाव्यांसाठी उघडून द्यावीत. त्यासाठी फार मोठ्या अनुदानाची गरज नाही.

दत्तजयंतीला चौल-भोवाळे येथे जत्रा भरते. डोंगर चढून येणाऱ्या भाविकाकडे तेथे कोणी तिकीट मागत नाही. दुकान मांडणारा मांडणीचा खर्च सोसतो, कारण गर्दीचा लाभ त्याला होणार असतो. ज्याला नफा त्याने भार उचलावा, हा जत्रेचा जुना व्यवहार संगणक परिषदांनी उचलण्याजोगा आहे. कुशल माणसे शोधण्यासाठी कंपन्या या परिषदांना येतात; तर मग मांडवाचा खर्चही त्यांनीच करावा, आणि दार चौलच्या मुलालाही उघडे ठेवावे.