उपनगरांतील उद्यानें व आपलें रोजचें जीवन

उद्यान म्हणतांच फुलांचे ताटवे, कारंजें व हिरवळ हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आणि एखाद्या नगरास असें उद्यान लाभलें म्हणजे नगराची शोभा वाढली, असें आपण समाधानानें म्हणतों. परंतु शोभा ही उद्यानाची खरी कसोटी नव्हे. दिवसभर श्रमून घरीं येणाऱ्या माणसाच्या रोजच्या आयुष्यांत त्या जागेस कांहीं स्थान आहे कीं नाहीं, हीच ती कसोटी होय. मुंबईच्या दूरच्या उपनगरांतील उद्यानें या कसोटीवर घासून पाहावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दि. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवली व पुढच्याच वर्षीं ती कल्याणास पोहोंचली. कालांतरानें या लोहमार्गानें डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर यांस, आणि पश्चिमेकडील दुसऱ्या मार्गानें वसई, नालासोपारा, विरार यांस मुंबईच्या दाराशीं आणून सोडलें. २०११ सालच्या शिरगणतींत कल्याण-डोंबिवली व वसई-विरार या दोन महानगरपालिकांची लोकसंख्या प्रत्येकीं १२ लाखांहून अधिक भरली. जेथें आज चाळी व उंच इमारती आहेत, तेथें पूर्वीं बहुतेक ठिकाणीं भातखाचरें, वाड्या व मिठागरें होतीं. त्या काळच्या खेड्यांस उद्यान हा शब्द परका असला तरी बसण्याउठण्याची जागा परकी नव्हती. वडाखालचा पार, देवळाचें वा चर्चचें अंगण, तळ्याचा अथवा वसईकडील बावखलाचा कांठ, हींच त्यांचीं उद्यानें होतीं. त्यांस फाटक नव्हतें कीं वेळापत्रक नव्हतें. मात्र त्या पारावर सर्वांसच बसतां येत नसे, हेंही विसरून चालणार नाहीं. म्हणूनच, जेथें कोणाची जात विचारली जात नाहीं असें सार्वजनिक उद्यान हें जुन्या पाराहून श्रेष्ठ ठरावयास हवें. तें तसें ठरतें काय?

चर्चगेटपासून विरार सुमारें ६० किलोमीटर आणि बोरीबंदरापासून कल्याण सुमारें ५४ किलोमीटर दूर आहे. एवढें अंतर रोज दोनदां कापणारा मनुष्य पहांटे घर सोडतो व रात्रीं आठ-नऊ वाजतां परततो. तो परततो तेव्हां पुष्कळ उद्यानांचीं फाटकें बंद झालेलीं असतात. दुपारीं घरकाम आटोपून एखाद्या गृहिणीस घटकाभर मोकळ्या हवेंत बसावेंसें वाटलें, तर त्या वेळींही कुलूप आडवें येतें. मुलांस सायंकाळीं प्रवेश मिळतो खरा, पण आंत पाऊल टाकतांच ‘चेंडू खेळण्यास मनाई आहे’, ‘हिरवळीवर चालूं नये’ अशा पाट्या त्यांचें स्वागत करतात. मग मुलें उभ्या मोटारींच्या रांगांमधल्या गल्लींत खेळतात, आणि कोणाची कांच फुटली म्हणजे आपण मुलांसच शिस्त नाहीं असें म्हणतों. खेळण्यास जागा न देतां शिस्तीची अपेक्षा करणें हा कोठला न्याय?

यावर कोणी म्हणेल कीं, फाटक उघडें ठेवलें तर रिकामटेकडे व मद्यपी आंत शिरतील, बाकांची मोडतोड होईल आणि पहारेकऱ्याचा खर्च वाढेल. हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु दुर्जनांस आवडते ती ओसाड जागा. जेथें दिवे लखलखीत आहेत, म्हातारीं माणसें बोलत बसलीं आहेत व मुलें धांवत आहेत, तेथें त्यांचें फारसें चालत नाहीं. राहिला खर्चाचा प्रश्न. कारंजें कोरडें पडतें, आणि वैशाखांत लोकांस प्यावयास पाणी अपुरें असतां हिरवळ पाण्यावांचून करपते. तोच पैसा पहारेकऱ्याच्या वेतनास, स्वच्छ शौचकूपास आणि पावसाळ्यांत टेकावयास एखाद्या शेडीस लावला, तर तो अधिक सत्कारणीं लागेल. सावलीसाठीं विदेशी शोभेचीं झुडपें नकोत. करंज, कडुनिंब, ताम्हण हीं आपल्या मातींतलीं झाडें पुरे आहेत.

दुसरी गोष्ट अंतराची. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानानें १९१५ च्या सुमारास मुंबई इलाख्यांतील कांहीं नगरांची पाहणी केली. पुढें १९१९ त तो मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. दाट वस्ती सरसकट पाडूं नये, तिच्यांतच लहान लहान मोकळ्या जागा साधून तेथें झाडें लावावीं, असा त्याचा आग्रह असे. तो आजही ग्राह्य आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंस रिक्षानें गांठावें लागणारें भव्य उद्यान असून नसल्यासारखें. घरापासून पांच मिनिटांवरचा, झाडाखालीं चार बाकें असलेला तुकडाच तिच्या उपयोगाचा.

परंतु असे तुकडे शिल्लक तरी राहतात काय? केंद्र शासनानें २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचनांत दर माणशीं १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असें म्हटलें आहे. दहाच धरले तरी १२ लाख वस्तीस १२ चौरस किलोमीटर जागा हवी! विकास-आराखड्यांत उद्यानासाठीं भूखंड राखून ठेवलेले असतात; पण १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचें कलम १२७ असें आहे कीं, दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाहीं तर मालकास नोटीस देतां येते, आणि त्यानंतर ठराविक मुदतींत हालचाल न झाल्यास आरक्षण रद्द होतें. मालकावर अन्याय होऊं नये म्हणून ही तरतूद योग्यच आहे. पण नागरिक झोंपले व अधिकारी स्वस्थ बसले, तर नकाशावरील हिरवा रंग नकाशावरच राहतो. याउलट बंगळूरचें उदाहरण पाहा. तेथें एका वसाहतींत उद्यानासाठीं राखलेला भूखंड रुग्णालयासाठीं देण्यांत आला. रुग्णालय हें लोकोपयोगी काम खरें. तरीही रहिवाशांनीं दाद मागितली, आणि १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो भूखंड उद्यानासाठींच राहिला पाहिजे असा निर्णय दिला. उद्यान ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, हें त्यावरून सिद्ध झालें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं काय करावें? आपल्या प्रभागाच्या विकास-आराखड्यांत उद्यानाचे भूखंड कोणते आहेत तें पाहा. प्रत्यक्ष जाऊन तेथें काय आहे याची नोंद करा. जवळच्या उद्यानाच्या उघडण्यामिटण्याच्या वेळा लिहून काढा व वडील माणसांच्या सह्यांनिशीं नगरसेवकांकडे विनंतिअर्ज द्या. आणि दुसऱ्यास फाटक उघडावयास सांगणाऱ्या आम्हां शिक्षकांसही एक प्रश्न टाळतां येणार नाहीं. पुष्कळ शाळांचीं मैदानें सुटीच्या दिवशीं रिकामीं असतात आणि कुंपणाबाहेर शेजारचीं मुलें रस्त्यावर खेळतात. योग्य देखरेखीखालीं रविवारीं चार तास तीं मैदानें त्या मुलांस कां मोकळीं होऊं नयेत? आपल्या शाळेनेंही याचा विचार करावा, अशी माझी चालकांस नम्र विनंति आहे.

— एक शिक्षक