विमानाची तारीख

आपला वार सूर्योदयास पालटतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीस. हा भेद विमानाच्या तिकिटांत चांगलाच भोंवतो. मुंबईहून परदेशीं जाणारीं पुष्कळ विमानें मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख व ००.४० अशी वेळ असेल, तर तीन तास आधीं पोहोंचण्यासाठीं आम्हां जळोचीकरांस १४ च्या दुपारींच निघावयास हवें. १५ च्या रात्रीं जाणाऱ्यास विमान आदल्या रात्रींच गेल्याचें कळतें, आणि त्याच तिकिटावरील परतीची जागाही बहुधा रद्द होते! सुनेचें पारपत्र माहेरच्या नांवाचें असेल, तर तिकिटावरही तेंच घालावें. सासरचें कितीही मानाचें असो, असें आम्ही म्हणूं. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे. तेव्हां तिकीट कोणत्या मुंबईचें, हें पैसे भरण्यापूर्वीं पाहावें.